सात हजारांचं किट, चार मिलिमीटरचं तरंगणं

सांगलीत माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. ऊसवाल्यांच्या, द्राक्षवाल्यांच्या जळक्या मोटारी येतात. जुनं तांबं उपसायचं, स्लॉट साफ करायचे, नवीन कॉइल भरायच्या, वार्निश पाजून भट्टीत घालायचं, मेगर लावून इन्सुलेशन तपासायचं आणि मालकाला फोन करायचा. एकोणतीस वर्षं हेच. त्यामुळं तांबं आणि चुंबक या दोन गोष्टी मला कुणी शिकवाव्यात असं काही वाटत नव्हतं.

धाकटी बीएस्सीला फिजिक्स घेऊन बसली आणि एका रात्री जेवताना म्हणाली, "पप्पा, खूप गार केलं की तांब्याच्या एका ऑक्साइडचा रोध शून्य होतो. त्याला सुपरकंडक्टर म्हणतात." मी म्हटलं, काळं पडलेलं टोक घासल्याशिवाय आम्ही जॉइंट मारत नाही. ऑक्साइड म्हणजे खराब तांबं. शून्य कसला? वाद तीन दिवस चालला. चौथ्या दिवशी मी ऑनलाइन सात हजार दोनशे रुपये भरून ते 'सुपरकंडक्टर प्रात्यक्षिक किट' मागवलं. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, कारण भांडण अजून मिटलेलं नाही.

खोकं आलं आठ दिवसांनी. आत त्या ऑक्साइडच्या दोन काळ्या चकत्या. एक पातळ, जुन्या दोन रुपयाच्या नाण्याएवढी. दुसरी कॅरमच्या सोंगटीपेक्षा जरा लहान, पण जाड. शिवाय निओडिमियमचे दोन चुंबक, एक डाळीएवढा आणि एक गोल, थर्मोकोलचा एक कप, एक चिमटा आणि चार पानांचं पत्रक. पातळ चकतीचा कडेचा टवका उडालेला होता. हातात घेतल्या घेतल्या कळलं की ही कपबशीच्या जातीची वस्तू आहे. तांब्यासारखी वाकेल, ओढली तर तार निघेल, असलं काही नाही. पडली की तुकडे. पॅकिंगमध्ये एक वर्तमानपत्राचा बोळा जास्त घातला असता तर त्यांचं काय गेलं असतं?

चिमट्याची गंमत तर वेगळीच. चकचकीत, निकेल पॉलिशचा, पण आत लोखंड. निओडिमियमच्या चुंबकाजवळ लोखंडी चिमटा नेला की काय होतं ते सांगायला नको. चुंबक टचकन चिमट्याला चिकटला आणि धाकटीचं बोट मध्ये सापडलं. ज्यानं हे किट जुळवलं त्यानं स्वतः ते एकदाही वापरून पाहिलेलं नाही, याला दुसरा पुरावा नको. शेवटी आम्ही स्लॉटमध्ये ठोकायच्या बांबूच्या पट्ट्यांपासून चिमटा केला. तोच आजपर्यंत चालू आहे.

आता चकती गार करायचा नायट्रोजन. साइटवर अगदी बारीक अक्षरात लिहिलंय की द्रव नायट्रोजन ग्राहकानं आणायचा. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे अवघड वाटेल, पण आमच्याकडं गावोगावी कृत्रिम रेतनवाले डॉक्टर मोटरसायकलला कॅन बांधून फिरत असतात. जनावरांच्या रेताच्या कांड्या त्यातच, उणे १९६ अंशांवर ठेवलेल्या असतात. एका दूध संकलन केंद्राच्या चिलरची मोटर मे महिन्यात मी रात्रीतून भरून दिली होती. तिथल्या सुपरवायझरसाहेबांना शब्द टाकला, त्यांनी तीन लिटर दिला आणि पैसे घेतले नाहीत. फक्त म्हणाले, "मेस्त्री, झाकण घट्ट लावू नका, आणि बंद गाडीतून नेऊ नका." हे वाक्य पत्रकात पहिल्या पानावर ठळक छापायला पाहिजे होतं. एका लिटर द्रवाचा जवळपास ७०० लिटर वायू होतो. बंद भांडं फुटतं, आणि बंद खोलीत माणसाला श्वासाला हवा उरत नाही, वास येत नाही, कळतही नाही. पत्रकात काय, तर 'हातमोजे वापरा'. तेही चुकीचं म्हणावं लागेल, कारण लोकरीचे किंवा सुती मोजे द्रव शोषून घेतात आणि तो हाताला धरून ठेवतात. सैल कातडी मोजे आणि डोळ्याला चष्मा, असं लिहायला हवं होतं. आम्ही कॅन टेंपोच्या उघड्या हौद्यात उभा करून आणला आणि खेळ शटर पूर्ण उघडं ठेवून केला.

पहिला प्रयोग काउंटरवरच. तासगावकडचे एक आण्णा साडेसात एचपीच्या सबमर्सिबलची वाट बघत बसले होते, तेही खुर्ची ओढून पुढं आले. कपात पातळ चकती, वरून नायट्रोजन. आधी नुसता खळखळाट. मग चकती पुरेशी गार झाली की एकदा जोरात उसळी येते आणि एकदम शांत होतं. धाकटीनं बांबूच्या चिमट्यानं डाळीएवढा चुंबक वर सोडला. तो खाली बसलाच नाही. चार मिलिमीटरवर हवेत. टिचकी मारली तर गरगर फिरत राहिला. आण्णा बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, "मेस्त्री, वरनं दोरा हाय का बघा." मी चुंबकाखालून स्लॉट पेपरची पट्टी आरपार सरकवून दाखवली. आण्णांनी मोटर विसरून फोन काढला.

मी मात्र लगेच हार मानली नाही. जाड तांब्याच्या पाइपातून चुंबक सोडला तर तो सावकाश उतरतो, हे मी दुकानात येणाऱ्या पोरांना नेहमी दाखवतो. चुंबक हलला की तांब्यात भोवरी करंट उठतो आणि तो त्याला अडवतो. पण तिथं चुंबक उतरतोच, कारण तांब्याला रोध आहे, करंट मरत जातो आणि पुन्हा उठायला चुंबकाला हलावं लागतं. इथं चुंबक जागच्या जागी होता आणि तरीही खाली येत नव्हता. म्हणजे चकतीतला करंट मरत नव्हता. एकोणतीस वर्षं मी रोधाच्या उष्णतेनं जळलेल्या कॉइल उपसतोय. हे पटायला मला तेवढं एक दृश्य पुरलं.

धाकटी म्हणाली, थांबा, अजून पुढचं आहे. तिनं चकती बाहेर काढून पूर्ण गरम होऊ दिली, चुंबक आधीच तिच्यावर ठेवला आणि मग नायट्रोजन ओतला. नुसता बिनरोधाचा तुकडा असता तर काहीच व्हायला नको होतं. चुंबक हलला नाही, क्षेत्र बदललं नाही, मग करंट कशाला उठेल? पण चकती गार होता होता चुंबक आपसूक वर उचलला गेला. हा माइस्नर परिणाम. १९३३ साली बर्लिनमध्ये वाल्थर माइस्नर आणि रॉबर्ट ओक्सेनफेल्ट यांनी शिसं आणि कथिलावर तो पाहिला. अतिवाहक, म्हणजे सुपरकंडक्टर, नुसती वीज वाहून नेत नाही, तर आत शिरलेलं चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो. त्या एका प्रयोगासाठी पातळ चकतीला माझ्याकडून पूर्ण मार्क.

पण या किटमधली खरी किमतीची वस्तू जाड चकती आहे, आणि पत्रकानं तिचीच वाट लावलीय.

जाड चकतीवर बांबूची पट्टी ठेवायची, पट्टीवर गोल चुंबक, आणि सगळं तसंच गार करायचं. मग पट्टी ओढून घ्यायची. चुंबक त्याच उंचीवर राहतो. आता त्याला दाबा, परत वर येतो. वर ओढा, परत खाली येतो. बाजूला सारा, जागेवर येतो. मात्र स्वतःभोवती खुशाल फिरवा, काही अडवत नाही, कारण गोल चुंबकाचं क्षेत्र फिरवलं तरी सारखंच. आणि चकती चिमट्यात धरून उलटी केली तर चुंबक तिच्याखाली लटकतो. पडत नाही. दुकानातला पोरगा दोन पावलं मागं सरकला.

पत्रक याला सरसकट 'माइस्नर इफेक्ट' म्हणतं. साफ चूक. माइस्नर परिणाम ढकलतो. ढकलणारी गोष्ट चुंबकाला उलटं लटकवून कशी धरेल, एवढा साधा प्रश्न पत्रक लिहिणाऱ्याला पडला नाही. हे तांब्याचे ऑक्साइड दुसऱ्या जातीचे अतिवाहक आहेत. क्षेत्र ठरावीक जोरापलीकडं गेलं की ते पूर्ण बाहेर ढकलत नाहीत, बारीक धाग्यांच्या रूपात आत येऊ देतात. असे धागे जाळीसारखे मांडले जातात हे अलेक्सेई अब्रिकोसोव्ह यांनी १९५७ साली गणितानं मांडलं आणि २००३ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. प्रत्येक धाग्यातला फ्लक्स, म्हणजे त्यातून जाणारं एकूण चुंबकीय क्षेत्र, सारखाच, २.०७ गुणिले १० चा उणे १५ वा घात एवढे वेबर. धाकटीनं बिलबुकाच्या मागं हिशेब करून दाखवला. चुंबकाखाली ०.१ टेस्लाचं क्षेत्र धरलं तर एका चौरस सेंटिमीटरमधून जवळपास ४८० कोटी धागे जातात.

आणि हे धागे हलत का नाहीत? कारण चकतीत खोट आहे. मुद्दाम ठेवलेली. इट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजनच्या काळ्या स्फटिकात त्याच मूलद्रव्यांच्या दुसऱ्या, हिरव्या संयुगाचे बारीक कण अडकवलेले असतात. धागा जिथं असा कण किंवा चीर सापडते तिथं बसतो आणि तिथून उठायला तयार होत नाही. आम्ही स्लॉटमध्ये कॉइल घातल्यावर वरून बांबूची पट्टी ठोकतो, ती कॉइलला जसं धरते, तसं. पट्टी नसेल तर कॉइल थरथरते आणि आठवड्यात मोटर परत येते. पातळ चकती पावडर दाबून भाजलेली, कणाकणांमध्ये भेगा, तिची पकड ढिली. जाड चकती वितळवून, सावकाश गार करत एका बीजावर वाढवलेली. दोन्हींच्या किमतीत फरक का, हे पत्रकात एका ओळीनंही नाही. नुसतं 'लहान' आणि 'मोठी'.

इथवर मी समाधानी होतो. पण धाकटीनं जे पुढं सांगितलं ते किटमध्ये कुठंच नाही, आणि मला विचाराल तर त्यासाठीच हे किट घ्यावं.

तारेतलं तांबं चुंबकाला चिकटत नाही, हे शेंबडं पोरही जाणतं. भंगारवाला चुंबक लावूनच पितळ-तांबं वेगळं करतो. पण या ऑक्साइडच्या थरांमध्ये प्रत्येक तांब्याच्या अणूवर एक एकटा इलेक्ट्रॉन उरतो, आणि तो अणू स्वतः एक बारीकसा चुंबक होतो. शेजारचा अणू त्याच्या बरोबर उलट्या तोंडाचा, त्याच्या शेजारचा पुन्हा सुलट. आमच्या चार पोलच्या स्टेटरमध्ये नॉर्थ, साउथ, नॉर्थ, साउथ असतं ना, तशीच मांडणी, फक्त बुद्धिबळाच्या पटासारखी सगळीकडं पसरलेली. बेरीज शून्य, म्हणून बाहेरून होकायंत्र लावा, काही कळत नाही. ते कळलं न्यूट्रॉनचा मारा करून. न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो म्हणून तो खोल जातो, पण त्याच्याकडं स्वतःचं इवलंसं चुंबकत्व असतं म्हणून ही उलटसुलट रांग त्याला दिसते.

याच पदार्थाला पुरेसा ऑक्सिजन दिला नाही, म्हणजे रासायनिक सूत्रातल्या सात ऑक्सिजनच्या जागी सहाच राहिले, तर तो अतिवाहक होतच नाही. वीज अडवून धरतो, आणि ती उलटसुलट रांग सुमारे ४१० केल्विनपर्यंत, म्हणजे १३७ अंश सेल्सिअसपर्यंत, टिकते. म्हणजे उकळत्या पाण्याच्याही वर. भट्टीत ऑक्सिजन सोडत सावकाश गार केलं की ऑक्सिजन आत शिरतो, तांब्याच्या थरांतून इलेक्ट्रॉन ओढून घेतो, जागा मोकळ्या होतात आणि रांग विस्कटते. ती पुरेशी विस्कटली की ९२-९३ केल्विनखाली, म्हणजे साधारण उणे १८० अंशांखाली, रोध शून्य. याच कुळातल्या, आधी सापडलेल्या लँथॅनमच्या संयुगात तर शंभरात दोन जागा मोकळ्या झाल्या तरी रांग मोडते, पाचच्या आसपास अतिवहन सुरू होतं आणि सोळाला सगळ्यात जोरात असतं. मी तिला विचारलं, म्हणजे भाजण्याचा फरक? तीच पावडर, तेच तांबं? तर हो म्हणाली.

त्याहून वेड लावणारी गोष्ट पुढची. जुन्या धातूंच्या अतिवाहकांत चुंबकी अणू मिसळले की अतिवहन बिघडतं. इथं इट्रियम काढून त्या जागी गॅडोलिनियम घाला, जो चांगला जोरदार चुंबकी अणू आहे, तरी चकती तशीच ९२ केल्विनच्या आसपास चालते. आणि तांब्याच्या काही अणूंच्या जागी जस्त घाला, जे अजिबात चुंबकी नाही, तर मात्र तापमान धडाधड खाली येतं. शेजारच्या खोलीत कितीही दंगा चालू दे, यांना फरक पडत नाही. यांच्या स्वतःच्या पंगतीत एक पाट रिकामा राहिला की सगळं बिनसतं. म्हणूनच बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटतं की इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळवण्यात या मोडलेल्या चुंबकी रांगेच्या उरल्यासुरल्या लाटांचाच हात आहे. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसन यांनी १९८७ मध्ये त्या दिशेनं पहिली मोठी कल्पना मांडली. चेन्नईचे शास्त्रज्ञ जी. बास्करन त्या सुरुवातीच्या कामात त्यांच्याबरोबर होते. वाद अजून चालू आहे. तांब्याच्या ऑक्साइडमधलं हे अतिवहन १९८६ मध्ये शोधणाऱ्या बेडनॉर्झ आणि म्युलर यांना पुढच्याच वर्षी नोबेल मिळालं, पण हे का होतं याचा सगळ्यांना मान्य खुलासा आजही नाही. चार पानांच्या पत्रकात यातलं अर्धं पान बसलं नसतं का?

त्याऐवजी शेवटच्या पानावर रंगीत चित्रं आहेत, 'एमआरआय आणि जपानची मॅग्लेव्ह याच पदार्थावर चालतात'. मिरजेत एमआरआय काढायला माणसं लांबून येतात. त्या यंत्रांमधली तार नायोबियम-टायटॅनियमची असते आणि ती द्रव हेलियममध्ये, ४.२ केल्विनच्या आसपास ठेवतात. २०१५ मध्ये ताशी ६०३ किलोमीटर पळालेल्या जपानी गाडीतही तेच. तांब्याच्या ऑक्साइडची खरी कामं वेगळी आहेत. जर्मनीत एसेन शहरात २०१४ मध्ये सुमारे एक किलोमीटरची केबल चालू केली ती याच कुळातल्या, बिस्मथ असलेल्या तांब्याच्या ऑक्साइडच्या पट्टीची. आणि माझ्या धंद्यातली बातमी म्हणजे, २००९ मध्ये अमेरिकेत जहाजासाठी ३६.५ मेगावॉटची मोटर पूर्ण लोडवर चालवून पाहिली. ४९ हजार एचपी! तिच्या रोटरवर तशाच बिस्मथवाल्या ऑक्साइडच्या पट्टीचं वायंडिंग होतं. मी विचारलं, आणि स्टेटर? स्टेटर आपल्या तांब्याचाच. बरं वाटलं. एसीमध्ये या पट्ट्यांतही थोडा तोटा होतो म्हणे, म्हणून जिथं डीसी आहे तिथं त्यांचं फावतं.

आता पावसाळा. हा मुद्दा सांगलीकरांनी तरी नीट वाचावा. नायट्रोजन संपला की गार चकतीवर दव धरतं, आणि हा पदार्थ पाण्याचा वैरी आहे. ओलावा लागला की बेरियम बाहेर पडतं, वर पांढरट भुरी चढते, आणि चकती हळूहळू आंधळी होते. पत्रकात 'कोरड्या जागी ठेवा' एवढंच. आम्ही जूनमध्ये दोनदा खेळ केला आणि पातळ चकती कपातच विसरलो. जुलैअखेर तिच्यावर राख फासल्यासारखं दिसत होतं. २०१९ च्या पुरानंतर मी दीड महिना भिजक्या मोटारी बल्बच्या पेटीत वाळवत होतो, तरी मला सुचलं नाही याची लाज वाटते. जाड चकती तेव्हापासून प्रत्येक खेळानंतर पुसून त्याच पेटीत साठ-सत्तर अंशांवर तासभर ठेवतो, मग सिलिका जेलच्या पुड्यांसकट स्टीलच्या डब्यात. ती अजून पहिल्यासारखी धरते.

टवक्याबद्दल फोन केला तर पलीकडचे साहेब म्हणाले, सिरॅमिकला वॉरंटी नसते. मी म्हटलं, टवका मी उडवला नाही, खोकं उघडतानाचा व्हिडिओ आहे. "पाठवा." पाठवला. तीन आठवडे झाले.

पाचपैकी तीन स्टार. तिन्ही जाड चकतीचे. घेणार असाल तर नुसती जाड चकती आणि गोल चुंबक मागवा, वेगळी मिळते, निम्म्या पैशात. चिमटा बांबूचा करा. पत्रक खोक्यातच राहू द्या. नायट्रोजनसाठी दूधवाल्यांशी गोड बोला. माझी पातळ चकती अजून काउंटरवर आहे, परवा सुपरवायझरसाहेब आले तेव्हा शेवटचं करून पाहिलं. डाळीएवढा चुंबक वर सोडला, तो जरा डगमगला आणि खाली बसला. आता ती कागदावर ठेवतो, पंख्यानं बिलं उडू नयेत म्हणून.